गोळ्या सोडून आहारावर भागेल का? पत्नीच्या डिप्रेशनबद्दल विचारणाऱ्या वाचकाला उत्तर

प्रश्न असा आहे: पत्नीचं वय ३९. आठ महिन्यांपासून कशातच मन लागत नाही, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मध्येच छाती धडधडते, जीव घाबरतो. सहा किलो वजन उतरलंय. डॉक्टरांनी डिप्रेशन आणि अँग्झायटी सांगून सर्ट्रालिनची ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. पाच आठवडे झाले, थोडा फरक आहे. पण मेव्हणी एका आहार-शिबिराला जाऊन आल्या आणि त्यांचं म्हणणं असं की हा सगळा आतड्यांचा आजार आहे. गहू, साखर, दूध बंद करा, गोळ्यांची गरजच उरणार नाही. घर शाकाहारी आहे. आहाराने डिप्रेशन बरं होतं का, आणि नेमकं काय खायला द्यावं?

गोळी बंद करू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आजच पक्कं करा. पाच आठवड्यांत थोडा फरक दिसतोय, म्हणजे औषध लागू पडायला लागलंय. पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे जातात, कधी मात्रा वाढवावी लागते. गोळी मध्येच एकदम सोडली तर चक्कर येते, मळमळतं, चिडचिड होते, डोक्यात वीज चमकून गेल्यासारख्या झिणझिण्या येतात, आणि मग घरचे म्हणतात की बघा, गोळ्यांनीच बिघडवलं. डिप्रेशनची पहिलीच खेप असली तरी पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि मग डॉक्टरच ते हळूहळू उतरवतात.

दूधही बंद करू नका. का, ते पुढे सांगतो. आणि सहा किलो वजन उतरलेल्या माणसाचं खाणं अजून कमी करणारा कुठलाही बेत, मग तो कितीही शास्त्रीय वाटो, सध्या बाजूला ठेवा.

आता मूळ प्रश्न. मी वीसेक वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतोय आणि आहाराचा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी बदलली आहे. आहाराचा सल्ला मी आता पेशंटला देत नाही, घराला देतो. ज्या बाईला सकाळी उठून दात घासणं डोंगराएवढं वाटतंय तिला पाच रंगांच्या भाज्या आणि भिजवलेले बदाम सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवणं. ते तिला जमत नाही, आणि न जमल्याची अपराधी भावना आजारात भर घालते. डिप्रेशनमध्ये अपराधी वाटणं हे मुळातच एक लक्षण आहे. म्हणून पुढचं सगळं मी तुम्हाला उद्देशून लिहितोय, त्यांना नाही.

आधी एक काम करा. कालच्या दिवसात त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत नेमकं काय खाल्लं ते कागदावर लिहा. मी क्लिनिकमध्ये हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो आणि बायकांकडून पहिलं उत्तर ठरलेलं येतं: "सगळं खाते हो डॉक्टर." मग एकेक तास विचारत गेलं की चित्र उलगडतं. सहाला चहा, सोबत दोन बिस्किटं. सगळ्यांचे डबे गेल्यावर दहाला परत चहा आणि कालची उरलेली पोळी. दुपारचं जेवण अडीच-तीनला, एकटीचं, भात आणि आमटी; भाजी संपलेली असते. चारला चहा. रात्री सगळ्यांची पानं झाल्यावर जे उरलं ते, बहुतेक वेळा उभ्या-उभ्या. घरात डाळ, दूध, भाजी, फळ सगळं येतं, आणि घरात सगळ्यांत कमी प्रथिनं आणि सगळ्यांत कमी लोह तिच्या पोटात जातं. हे गरीब घरांतच होतं असं नाही. चांगल्या पगाराच्या, शिकलेल्या घरांतही मी हेच ऐकत आलोय. आणि घरात स्वयंपाक करणारीच आजारी पडली की तिच्यासाठी रांधणारं कोणी उरत नाही.

डिप्रेशन आणि खाणं यांच्यातला रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो, हे लक्षात घ्या. आजारामुळे तोंडाची चव जाते, भूक मरते, घास घशाखाली उतरत नाही. काहींचं उलटं होतं, सारखं गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन वाढतं. म्हणजे बऱ्याचदा खाणं बिघडल्यामुळे आजार आला नसतो, आजारामुळे खाणं बिघडलेलं असतं. पण उलट दिशाही खरी आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार देणारे ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले. चोवीस आठवडे त्यांना गरजेपेक्षा बरंच कमी अन्न दिलं. वजन जवळपास पाव हिश्शाने घटलं. शरीराचं जे झालं ते झालंच, पण ती धडधाकट, हौशी मुलं खिन्न झाली, चिडकी झाली, माणसांत मिसळेनाशी झाली, दिवसभर फक्त अन्नाचा विचार करू लागली. पुरेसं खायला मिळू लागल्यावरही मन ताळ्यावर यायला काही महिने लागले. तेव्हा सहा किलो उतरलेल्या माणसाच्या उदासीपैकी काही भाग निव्वळ उपासमारीचाही असू शकतो. गोळी तो भाग भरून काढू शकत नाही.

आहाराने डिप्रेशन बरं होतं का, यावर आता नीट अभ्यास झाले आहेत. सगळ्यांत जास्त बोललं जातं ते २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीबद्दल. फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी ती केली. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेले आणि आहार निकृष्ट असलेले ६७ प्रौढ घेतले. निम्म्यांना बारा आठवड्यांत सात वेळा आहारतज्ज्ञ भेटले आणि भाज्या, फळं, अख्खी धान्यं, कडधान्यं, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल असा भूमध्य सागराकडचा आहार बसवून दिला. उरलेल्यांना तेवढाच वेळ कोणीतरी येऊन आपुलकीने गप्पा मारल्या. शेवटी आहाराच्या गटातले सुमारे ३२ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, गप्पांच्या गटातले ८ टक्के.

हा आकडा शिबिरांमध्ये वारंवार दाखवतात. पण त्यासोबतची बाकीची माहिती सहसा सांगत नाहीत. त्यातल्या बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशन आधीपासून चालू होते आणि ते चालूच राहिले. आहार हा उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे आशेचा वाटाही त्या आकड्यात आहे. आणि माणसं अगदी थोडी होती. त्यानंतर २०१९ मध्ये अशा १६ चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला गेला, एकूण माणसं पंचेचाळीस हजारांवर. निष्कर्ष असा की आहार सुधारल्याने उदासीची लक्षणं कमी होतात, परिणाम लहान पण खरा आहे, आणि स्त्रियांमध्ये तो अधिक स्पष्ट दिसतो. अँग्झायटीवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही.

माझं मत विचाराल तर लहान पण खरा परिणाम ही फार मोलाची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीत आहाराचा खर्च वाढला नव्हता, उलट लोक आधी जे बाहेरचं आणि डबाबंद खात होते त्यापेक्षा तो थोडा स्वस्तच पडला होता. दुष्परिणाम नाहीत, मधुमेह आणि हृदयाला फायदा आहेच. मी ते औषधाच्या जोडीला आनंदाने सुचवतो. औषधाऐवजी सुचवत नाही.

अन्नातले पोषक घटक वेगळे काढून गोळीतून दिले तर? हेही करून बघितलंय. युरोपातल्या चार देशांत मिळून झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन जास्त असलेल्या हजारावर प्रौढांना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व, सेलेनियम असं एकत्र दिलं. डिप्रेशन टळलं नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या अठरा हजारांवर लोकांना पाच वर्षं ड जीवनसत्त्व रोज दिलं. तिथेही टळलं नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या. पण "मूड"साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांवर पैसे घालू नका. तेच पैसे भाजी, डाळी आणि स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या मावशींवर खर्च केलेत तर तुमच्या पत्नीला त्याचा कितीतरी जास्त उपयोग होईल.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो शाकाहारी घरासाठी फार महत्त्वाचा आहे. ज्या गोष्टीची शरीरात खरोखर कमतरता आहे ती भरून काढलीच पाहिजे. आपल्याकडे ती गोष्ट म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व.

बी-१२ वनस्पतींमध्ये नसतं. ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच मिळतं. अंडंही न खाणाऱ्या घरात दूध-दही-ताक हा एकच रस्ता उरतो, आणि चहात पडतं तेवढं दूध त्याला पुरत नाही. शिबिरात दूध बंद करायला सांगितलं, म्हणजे तो एकमेव रस्ताही बुजवायला सांगितला. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तात बी-१२ मोजलं होतं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्के पुरुषांमध्ये ते कमी निघालं. आणि खेडं, झोपडपट्टी, मध्यमवर्ग या तिघांत सर्वांत वाईट स्थिती मध्यमवर्गाची होती. हे आजारी म्हणून तपासलेले लोक नव्हते, रोज कामावर जाणारी माणसं होती.

बी-१२ कमी झालं की थकवा येतो, विसरभोळेपणा येतो, जीभ लाल होऊन चरचरते, तळपायांना मुंग्या येतात, चिडचिड आणि उदासी येते. क्वचित भ्रमसुद्धा होतात. एका बाईंचं उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या होत्या, डिप्रेशनवर दोन औषधं झाली, फरक अर्धवट. मी मात्रा वाढवत राहिलो. तिसऱ्या महिन्यात त्या निघता निघता म्हणाल्या, "डॉक्टर, चालताना कापसावर पाय पडतोय असं वाटतं." तेव्हा मी बी-१२ तपासलं, ते शंभरच्याही खाली, म्हणजे खूपच कमी होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोजची गोळी त्या कित्येक वर्षं घेत होत्या. या दोन्हींनी बी-१२ चं शोषण कमी होतं. इंजेक्शनं सुरू केली, आणि दोन-तीन महिन्यांत त्याच डिप्रेशनच्या औषधाचा परिणाम दिसू लागला. पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, कारण नसांना इजा होऊन बराच काळ लोटला होता. हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारायला हवा होता. तेव्हापासून विचारतो.

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार तपासण्यांबद्दल विचारा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड. बी-१२ च्या गोळ्या किंवा मल्टिव्हिटॅमिन सुरू करण्याआधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. साधारणपणे मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० च्या दरम्यान असेल तर लक्षणं पाहून ठरवतात. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मनाने सुरू करू नका; त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो पण बी-१२ च्या कमतरतेने नसांचं होणारं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

थायरॉइडचं मुद्दाम सांगतो. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त आणि उदास होतो हे आता अनेकांना माहीत आहे. पण ते वाढलं तर धडधड, घाबरणं, झोप उडणं आणि वजन उतरणं ही लक्षणं येतात, आणि तुम्ही लिहिलेल्या यादीत ती चारही आहेत. डॉक्टरांनी कदाचित तपासलंही असेल. नसेल तर ही तपासणी टाळू नका.

लोहाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. रक्त कमी असलं की जिना चढताना धडधडतं, धाप लागते, हातपाय गळतात. तेच घाबरटपणाच्या खात्यात जमा होतं. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे डॉक्टरांना सांगायला त्यांना संकोच वाटत असेल तर तुम्ही आठवण करा.

आता धडधडीकडे वळू, कारण अँग्झायटीसाठी खाण्यापेक्षा पिण्याकडे आणि वेळेकडे बघणं जास्त उपयोगी पडतं.

चहा. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीत त्याहून जास्त. ज्यांना पॅनिकचे, म्हणजे अचानक जीव घाबरण्याचे झटके येतात त्यांना पाचेक कप कॉफीइतकं कॅफिन एकदम देऊन केलेल्या प्रयोगांत जवळपास निम्म्या लोकांना झटका आला, तर कॅफिन नसलेलं पेय दिलं तेव्हा कोणालाच आला नाही. निरोगी माणसाला जे कॅफिन तरतरी देतं तेच अशा माणसाचा जीव घाबरवतं. शिवाय रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच पाचेक तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरापर्यंत अंगात असतो. पत्नी दिवसातून किती वेळा चहा घेतात ते मोजा, पाहुण्यांबरोबरचा आणि शेजारचासुद्धा. पाच-सहा असतील तर दर तीन-चार दिवसांनी एक कमी करत दोनवर आणा, दोन्ही दुपारी दोनच्या आत. एकदम बंद केलात तर दोन दिवस डोकं ठणकेल आणि त्या वैतागतील. चहा कधीही जेवणाला लागून नको. त्याने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. तासभर अंतर ठेवा.

दुसरं, लांब पडणारी जेवणं. सकाळच्या चहावर दुपारी तीनपर्यंत राहणाऱ्या माणसाला हात थरथरणं, घाम, पोटात खड्डा आणि घाबरल्यासारखं होणं हे भुकेनेही होतं. घाबरटपणाच्या झटक्यात आणि भुकेत शरीर जवळपास सारखंच वागतं, आणि एकदा झटक्याची धास्ती बसली की नुसत्या भुकेची थरथरही पुढच्या झटक्याला निमंत्रण देते. तीन-साडेतीन तासांच्या अंतराने काहीतरी पोटात जाऊ द्या. रात्रीचं जेवण साडेदहाचं असेल तर ते साडेआठवर आणा. झोपेलाही मदत होते.

दारूचा प्रश्न तुमच्या घरी नसेल, पण हे वाचणाऱ्या पुरुषांसाठी सांगतो. झोप यावी, टेन्शन उतरावं म्हणून घेतलेली दारू पहाटे जाग आणते, दुसऱ्या दिवशीची घबराट वाढवते आणि डिप्रेशनचं औषध निष्प्रभ करते. पुरुष पेशंटच्या बाबतीत मी आहाराच्या आधी दारूबद्दल विचारतो.

तर काय खायला द्यायचं? पहिले दोन-तीन आठवडे "पौष्टिक काय" हा विचार मागे ठेवा आणि "काय उतरतं" एवढंच पाहा. आपल्या आज्या आजाऱ्याला काय देत होत्या ते आठवा. मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. मुगाच्या डाळीची पातळ खिचडी. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून, किंवा ताकातली आंबील. कुळथाचं पिठलं आणि भात. दहीभात. हे सगळं चावायला सोपं, वासाला सौम्य आणि वाटीभर असतं. मोठं ताट पाहूनच त्यांना नको वाटेल. वाटीत द्या, दिवसातून पाच वेळा द्या. "थोडं तरी खा ना" असा आग्रह दर घासाला करू नका. शेजारी बसा आणि आपलंही जेवा. ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीत निव्वळ गप्पांच्या गटातही लोकांची लक्षणं काही प्रमाणात कमी झाली होती. मग जेवताना सोबत मिळाली तर एका बैठकीत दोन्ही साधतं.

तुम्हाला स्वयंपाक येत नसेल तर खिचडीपासून सुरू करा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, धुऊन, सहा वाट्या पाणी, हळद, मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या, वरून तूप. ती जमली की त्यात दुधी, गाजर, पालक चिरून टाका. एवढं प्रत्येक घरातल्या प्रत्येक पुरुषाला यायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

भूक परत येऊ लागली, वजन उतरायचं थांबलं, की मग ताट सुधारा. त्यासाठी ऑलिव्ह तेल किंवा किन्वा आणायची गरज नाही. भूमध्य सागराकडच्या आहाराचा गाभा म्हणजे अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, तेलबिया, आणि कारखान्यात तयार झालेले पदार्थ अगदी कमी. सांगलीकडच्या घरात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी किंवा चाकवताची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा-काकडी आणि वाटीभर दही एकत्र आलं की तो गाभा ताटात आला. भाजी भाकरीएवढी हवी, ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर नको. उसळीवर लिंबू पिळा, लोह शोषायला मदत होते. जवसाची आणि कारळ्याची चटणी डब्यात भरून ठेवा. जवसातलं ओमेगा-३ माशांमधल्याइतकं थेट कामी येत नाही, शरीर त्यातलं थोडंच बदलून वापरू शकतं, तरी चटणी उत्तमच. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्या, मासे खाणाऱ्या घरांना बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा मिळाली तर त्यांना कॅप्सूलचा विचारही करायला नको. तुमच्या पत्नी अंडं खायला तयार असतील तर रोज एक द्या. नसतील तर त्यावरून वाद घालू नका, बी-१२ औषधातून देता येतं.

बिस्किटं, खारी, फरसाण, मॅगी, थंड पेयं हळूहळू मागे सारा. असे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये डिप्रेशन आणि अँग्झायटी जास्त आढळते असं बऱ्याच मोठ्या पाहण्यांत दिसलंय. कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्या पाहण्यांतून ठरत नाही, कारण उदास माणूस रांधण्याऐवजी पुडा फोडतो. पण त्यांची जागा फुटाणे, शेंगदाणा-गुळाचा लाडू, केळं, पेरू यांनी घेतली तर नुकसान कोणाचंच नाही. गव्हाचं म्हणाल, तर सीलिअ‍ॅक नावाचा गव्हाचा खरा आजार असतो, त्याची रक्ततपासणी आहे. तो नसेल तर पोळी बंद करायचं कारण मला दिसत नाही.

आतड्यांचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, म्हणून मेव्हणींना दुखवू नका. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यांत तयार होतं हे खरं आहे. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. म्हणून "केळं खा, सेरोटोनिन वाढेल" हे गणित जुळत नाही. आतड्यांतले जंतू आणि मेंदू यांचा संबंध असतो, त्यावर जोरात संशोधन चालू आहे, पण त्यातून "हे खा, हा आजार जाईल" असं प्रिस्क्रिप्शन अजून निघालेलं नाही. ताक, दही, तंतुमय भाज्या खाव्यात. त्यासाठी शिबिराची फी भरावी लागत नाही. अश्वगंधा मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. तिने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या आणि थायरॉइडची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडचा तुमचा प्रश्न अजून खुला आहे.

त्या उपवास करतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सोमवार, चतुर्थी, नवरात्र असे उपवास असतील तर वजन भरून येईपर्यंत थांबवायला सांगा. देवाला हे चालतं, असं मी पेशंटच्या सासूबाईंनाही समोर बसवून सांगतो, आणि बहुतेक जणी ऐकतात. अगदीच नको म्हणाल्या तर साबुदाण्यावर दिवस काढू देऊ नका. तो जवळपास नुसता पिष्टमय असतो. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दूध, ताक, फळं द्या. सर्ट्रालिन काहीतरी खाऊन घेतलेली बरी, मळमळ कमी होते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन इशारे द्यायलाच हवेत. लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास, मीठ एकदम सोडणं किंवा उन्हात पाणी न पिता चालणं टाळावं. रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. आणि व्हिलाझोडोन किंवा लुरासिडोन या मानसिक आजारांवरच्या गोळ्या भरल्या पोटीच घ्यायच्या असतात, उपाशीपोटी त्यांचं शोषण निम्म्यावर येतं. औषध लागू पडत नाही म्हणून आलेल्या काही पेशंटची गोळी मी न बदलता फक्त जेवणानंतर घ्यायला लावली आहे.

आणि एक गोष्ट आहाराच्या पलीकडची. त्यांनी खाणंपिणं जवळपास थांबवलं, पाणीही नको म्हणू लागल्या, "मी नसले तर बरं होईल" असं काही बोलल्या, किंवा अचानक सगळ्यांची निरवानिरव करायला लागल्या, तर खिचडी, चहा, तपासण्या सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते; तुम्ही स्वतः थकला असाल तर तुमच्यासाठीसुद्धा.

कालच्या जेवणाचा तो कागद मात्र आजच लिहा. आठवडाभर रोज लिहा, चहाचे कप आणि धडधडीच्या वेळा त्याच कागदावर शेजारी मांडा, आणि पुढच्या भेटीत तो डॉक्टरांसमोर ठेवा.